अकरा आठवड्यांचे ठोके

४ फेब्रुवारी

दादा,

तू हॉस्पिटलला पाठवलेल्या तक्रारीची प्रत आज मला मिळाली. चार पानं आहेत आणि एक शब्द वावगा नाही. तुझं लिहिणं पहिल्यापासून नेटकं.

आधी बाबांचं सांगते. उजवा हात अजून उचलत नाही. पाय ओढत का होईना, आधार घेऊन पलंगापासून खिडकीपर्यंत येतात. बोलणं मात्र अडतं. शब्द डोळ्यांत दिसतो, तोंडातून निघत नाही. बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई आठवड्यातून तीनदा येतात. डाव्या हाताने जेवतात, अर्धं सांडतं, पण भरवू देत नाहीत.

आता तक्रारीचं. तू लिहिलंस की बाबांच्या मनगटावरचा पट्टा चोवीस तास ठोके मोजत होता, झटका येण्याआधीचे अकरा आठवडे सगळे आकडे सरळ होते, तेव्हा एक तर यंत्र खोटं, नाहीतर ते बघायला बसवलेली नर्स झोपलेली. ती नर्स म्हणजे आपली कुरळी. तिच्या केसांवरून बाबांनीच ठेवलेलं नाव. तुझं पत्र पोचल्यावर तिला घरी बसवलंय, चौकशी पुरी होईपर्यंत.

तुझ्या चार पानांत मागचा जुलै नाही, म्हणून आठवण करून देते. पट्टा लावून दुसराच आठवडा होता. दुपारी तिचा फोन आला. म्हणाली, "ताई, आजोबा काय करतायत?" मी म्हटलं, पेपर वाचतायत. ती म्हणाली, "त्यांचे ठोके छत्तीसवर आलेत. चालवू नका, खुर्चीतूनच उचलून आणा." बाबा मला म्हणत होते, मला काही होत नाहीये, जरा पेंग आलीय एवढंच. ती पेंग नव्हती. एक गोळी जास्त होत होती. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं. त्या दिवशी पट्टा नसता आणि पलीकडे ती नसती, तर आज तक्रार करायलाही काही उरलं नसतं.

यंत्र आहे, चुकतंही. नर्स माणूस आहे. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. तक्रार मागे घे, एवढंच मागते.

तुझी,
धाकटी

११ फेब्रुवारी

दादा,

तुझा एका ओळीचा निरोप मिळाला. "मागे घेणार नाही, कारण असेल तर सांग."

कारण आहे. बाबा पट्टा अधूनमधून काढायचे. अंघोळीला काढला की खुंटीवर राहायचा. मी शाळेत. प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुऊन, मोजून, कुलूप लावून घरी यायला मला साडेपाच होतात. तोवर कोण बघणार? हे मी हॉस्पिटलमध्ये सांगायला हवं होतं, राहून गेलं. तेव्हा कुरळीला सगळं दिसत होतं असं धरून चालू नकोस.

ते का काढायचे, हेही ऐक. आकडे तुझ्या फोनवरही जात होते. तू लांब, तुला काळजी, मला मान्य आहे. पण सप्टेंबरात तू दिवसातून पाच-पाच फोन करत होतास. "बाबा, आज पावलं आठशेच कशी?" "बाबा, आत्ता ठोके एकशे दहा का गेले, जिना चढलात का?" उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. त्या एकशे दहाच्या दिवशी ते खरंच जिना चढले होते. कामावरच्या जुन्या जोडीदाराच्या घरी गेले होते, दोघं मिळून एका लिफ्टची मोटर उघडून बसले होते. बाबा म्हणजे चाळीस वर्षं लिफ्टची कामं केलेला माणूस. घरी आले तेव्हा हात काळे आणि चेहरा उजळलेला. तेवढ्यात तुझा फोन. ते तुझ्याशी खोटं बोलले, म्हणाले, खोकला आला होता. फोन ठेवून त्यांनी काळे हात फडक्याला पुसले. मग मला म्हणाले, "लिफ्टमध्ये अलार्मचं बटण आत अडकलेल्या माणसाच्या हाताशी असतं. इथे ते बाहेरच्याच्या हातात दिलंय. आतल्याने नुसतं वाजत बसायचं."

मी हसले. ते हसले नाहीत.

आई गेल्यावर तू म्हणाला होतास, त्यांना माझ्याकडे पाठव. मी पाठवलं नाही, म्हणून तू बोलणं टाकलंस. चार वर्षांत आपण दोघं जे काही बोललो ते या पट्ट्यावरूनच. मला वाटतं, तेही बाबांना कळत होतं.

आता तरी त्या मुलीला सोड.

धाकटी

१९ फेब्रुवारी

दादा,

तू पकडलंस. लहानपणीही मी खोटं बोलले की आईच्या आधी तुला कळायचं.

तू लिहिलंस, "पट्टा खुंटीवर असता तर आकडे तुटले असते. अकरा आठवड्यांत एक तास रिकामा नाही. मग तू काय सांगते आहेस?"

पट्टा खुंटीवर नव्हता. माझ्या हातावर होता.

हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. आता पुढचं एका बैठकीत लिहिते, नाहीतर राहील.

चार ऑक्टोबरला बाबांच्या त्या लिफ्टवाल्या जोडीदाराचा, त्याने काम थांबवलं म्हणून, निरोप समारंभ होता. बाबांना जायचं होतं आणि तुझा फोन नको होता. मला म्हणाले, "आजचा दिवस तू घाल. तुझे ठोके कुणाला खुपणार नाहीत." मी घातला. शाळेत बाहीखाली लपवला. संध्याकाळी तू फोन केलास. आठवतंय? म्हणालास, "बाबा, आज पाच हजार पावलं. शाबास." ती माझी पावलं होती, प्रयोगशाळेच्या ओट्यांमधून येरझाऱ्या घालून झालेली. बाबांनी फोनवर हात ठेवला आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. आई गेल्यापासून या घरात कुणी तसं हसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पट्टा त्यांच्यापुढे धरला. ते म्हणाले, "राहू दे अजून आठवडाभर." मग आमची अळीमिळी गुपचिळी सुरू झाली. ते मोकळे झाले. जोडीदाराकडे जायला लागले, दुपारी दोन घास जास्त खायला लागले. मी स्वतःला सांगायचे, बघ, पट्ट्याशिवाय माणूस सुधारला.

पण मला माहीत होतं, दादा. हे मी लपवत नाही आता. सप्टेंबरअखेर बाबांच्या पोटात रक्तस्राव झाला म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी थांबवली, तेव्हा मी समोर बसले होते. ते म्हणाले होते, "ही गोळी नसताना ठोके पुन्हा वेडेवाकडे पडायला लागले, तर गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते. पट्ट्यावर तसं दिसलं की त्याच दिवशी गोळी परत सुरू करू. म्हणून आता पट्टा हीच गोळी समजा." मी मान डोलावली होती. सहा दिवसांनी ती गोळी मी माझ्या हातावर बांधली.

शाळेत मी पोरांना काय शिकवते ठाऊक आहे ना? आधी निरीक्षण, मग आकडा. पुस्तकात बघून आकडे भरले की वही परत करते. त्या तीन महिन्यांतही परत करत होते.

तुला आणखी एक सांगायचंय, ते बाबांवर ढकलता येत नाही. नोव्हेंबरात तू मला फोन केलास. बाबांना नाही, मला. म्हणालास, "तू त्यांची फार छान काळजी घेते आहेस, माझं चुकलंच." चार वर्षं मी त्या एका वाक्याची वाट बघत होते. बाबा एव्हाना एकदा म्हणाले होते, "आण तो इकडे, पुरे झालं." मीच म्हटलं, राहू द्या. तू म्हणालास, बाबांना झोपही शांत लागते हल्ली. ती माझी झोप होती, दादा. तुझ्या त्या वाक्यानंतर मला खरंच शांत झोप लागत होती.

वीस डिसेंबरला सकाळी साडेनवाच्या सुमारास बाबा स्वयंपाकघरात पडले. पट्टा त्यांच्या हाताला असता तर पडल्याबरोबर त्याने हॉस्पिटलला कळवलं असतं. तो माझ्या हाताला होता आणि मी परीक्षानळ्या ओळीने लावत होते. अकरा वाजता खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, दार नुसतं लोटलेलं होतं, त्यांनी बघून मला फोन केला. मी शाळेतून धावत निघाले. रस्त्यात कुरळीचा फोन. "ताई, आजोबांचे ठोके एकशे चाळीस झालेत. ठीक आहेत ना ते?" माझेच होते ते. मी म्हटलं, पडलेत. ती म्हणाली, "गाडी पाठवते, फोन ठेवू नका." तुझ्या तक्रारीत "फोन करायला दीड तास उशीर" म्हणून जे आहे, ते हे. तिने उशीर केला नाही. तिला जे दिसलं ते दिसताक्षणी तिने फोन केला.

मी घरात शिरले. काकू आतल्या खोलीतून चादर आणायला वळल्या. मी पट्टा काढला आणि बाबांच्या मनगटावर बांधला. त्यांचे डोळे उघडे होते. ते माझ्या हातांकडे बघत होते.

धाकटी

२ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. फोनही वाजून वाजून बंद होतो. बरोबर आहे. पण पुढे काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते.

परवा मी चौकशी समितीपुढे जाऊन सगळं सांगितलं. एका लांब टेबलामागे तिघं होते. बाबांचे डॉक्टर, मोठ्या सिस्टर आणि यंत्रांचं काम बघणारा एक तरुण. मला वाटलं होतं ओरडतील. कुणी ओरडलं नाही. त्या तरुणाने लॅपटॉपवर दोन आलेख शेजारी लावले, जुलै ते सप्टेंबर एक, ऑक्टोबरनंतरचा दुसरा, आणि म्हणाला, "आता सांगितल्यावर दिसतंय. ही दोन माणसं आहेत." डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "मी दर महिन्याला हे आकडे बघून गोळी बंदच ठेवत गेलो. तुमचं हृदय बघून त्यांची गोळी."

मी विचारलं, पट्टा त्यांच्या हाताला असता तर हे टळलं असतं का? ते म्हणाले, "कदाचित. कदाचित नाहीही. खात्री देता आली असती तर तुम्हाला आणि मला दोघांनाही सोपं गेलं असतं." त्या "कदाचित"वर आता मला आयुष्य काढायचं आहे.

कुरळी बाहेर बाकावर बसली होती. माझं आत काय झालं ते तिला मोठ्या सिस्टरनी सांगितलं असावं. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि माफी मागितली. तिने माझ्या मनगटाकडे बघितलं. मग म्हणाली, "तुमची तब्येत छान आहे, ताई. अकरा आठवडे मी बघितलीय."

मी बाही ओढून मनगट झाकलं.

ती म्हणाली, "सव्वा दोन महिने मी रोज ते आकडे आठवत होते. कुठे चुकले, कुठलं वळण बघायचं राहिलं. माझी आई मला म्हणायला लागली, तू हे काम सोड. तुम्ही पहिल्या दिवशी बोलला असतात तर बरं झालं असतं." आवाज चढवला नाही. उठून गेली. तिच्यावरचा ठपका काढलाय, सोमवारपासून ती कामावर येईल. पण तिने वॉर्डात काम मागून घेतलंय. पट्ट्यांच्या खोलीत परत बसायचं नाही म्हणाली. तिथे आणखी साठ माणसांचे ठोके येतात, त्यांतल्या कुणाचं तरी नुकसान माझ्यामुळे झालं असं समज. तिच्यासारखी नजर सगळ्यांना नसते.

समितीला मी सगळं सांगितलं असं वर लिहिलं. ते खरं नाही. एक गोष्ट त्यांनाही सांगितली नाही, कारण त्यांनी विचारलं नाही. तुला सांगते.

डिसेंबरचा पहिला रविवार. बाबा टीव्हीसमोर बसले होते, मी कपड्यांच्या घड्या घालत होते. ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "अगं, आत पाखरू फडफडल्यासारखं होतंय. मघापासून." आणि मी मनगट वळवून पट्ट्यावर बघितलं. माझ्या मनगटावर. बहात्तर. मी म्हटलं, "सगळं ठीक आहे, बाबा."

शपथेवर सांगते, त्या क्षणी मला खरंच तसं वाटलं. इतके दिवस तो आकडा त्यांचा म्हणून मिरवला होता की मलाही तो त्यांचाच वाटायला लागला होता. त्यांच्या नाडीला बोट लावावं एवढंही सुचलं नाही. आणि दादा, त्यांना तर ठाऊक होतं पट्टा कुणाच्या हातावर आहे. तरी ते "बरं" म्हणाले आणि टीव्ही बघायला लागले. मुलगी ठीक आहे म्हणते म्हणजे ठीक असेल, एवढंच असणार.

अर्ध्या घड्या घातलेल्या होत्या. मी उरलेल्या घातल्या.

धाकटी

२३ मार्च

दादा,

तुझं पत्र आलं. तू हाताने लिहिलेलं बघून आधी भीतीच वाटली. दोनदा वाचलं, मग डब्यामागे ठेवलं, मग परत काढलं.

तू लिहिलंस की तुलाही ऑक्टोबरात शंका आली होती. सोमवार ते शुक्रवार नऊला पावलं सुरू, पाचला बंद, रविवारी जवळजवळ नाहीतच. "शाळेचं वेळापत्रक होतं ते. मला दिसलं होतं. मी विचारलं नाही, कारण आकडे चांगले होते आणि मला चांगले हवे होते." आणि तक्रारीची चार पानं लिहिताना हेच डोक्यात होतं, म्हणून कुणावर तरी बोट रोखायची घाई झाली, असंही लिहिलंस.

वाचून मला आधी हलकं वाटलं. खोटं कशाला सांगू. मग त्या हलकं वाटण्याची लाज वाटली. तुझ्या वाट्याचं तू घे, पण त्यामुळे माझं कमी होत नाही. तुला दिसलं ते लांबून, आकड्यांत. मी त्यांच्यापासून चार हातांवर बसले होते. कुरळीला तू वेगळं पत्र लिहिलंस, ते मात्र चांगलं केलंस. तिला माफ करायला सांगितलं नाहीस, हे त्याहून चांगलं.

आता इथलं. डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी परत सुरू केली आहे, पोट सांभाळून. बाबांना पट्टा पुन्हा लावायचा का, हे त्यांनी मला विचारलं नाही. बाबांनाच विचारलं. पट्टा आणि फोन दोन्ही त्यांच्यापुढे ठेवले. बाबांनी डाव्या हाताने फोन टेबलाच्या कडेपर्यंत सरकवला आणि मनगट पुढे केलं. तेव्हा आता आकडे फक्त हॉस्पिटलला जातात. तुझ्या फोनवर नाही, माझ्याही नाही. दर गुरुवारी एक नर्स घरी येऊन स्वतः नाडी बघते आणि पट्ट्याशी ताडून बघते. हा नियम आता सगळ्याच पेशंटना लावलाय म्हणे.

आणि काल जे झालं, त्यासाठीच हे पत्र.

सकाळी मी त्यांचा हात चोळत होते. ते माझ्याकडे बघत होते, आणि मला कळलं की वाक्य येतंय. येतं तेव्हा आधी मानेची शीर ताणते. म्हणाले, "मी..." मी थांबले. "मी... सांगितलं..." मग बराच वेळ काही नाही. मग, "होतं."

मी सांगितलं होतं.

तीन महिने मी याचीच वाट बघत होते. मी म्हटलं, "हो बाबा, सांगितलं होतं तुम्ही. पाखरू फडफडतंय म्हणाला होतात. मी ऐकलं नाही." आणि मला रडू फुटलं.

ते चिडले. किती चिडले म्हणून सांगू. डाव्या हाताने पलंगाच्या कडेवर थापा मारल्या, डोकं नाही-नाही हलवलं. बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाई नेमक्या तेव्हा आल्या. दारातूनच म्हणाल्या, "ताई, गप्प बसा. त्यांचं संपलेलं नाही."

मी गप्प बसले. बाईंनी खुर्ची ओढली, पण त्याही काही बोलल्या नाहीत. किती वेळ गेला ठाऊक नाही. बाबांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी परत पहिल्यापासून सुरू केलं. मी. सांगितलं. होतं. मग श्वास घेतला आणि म्हणाले, "तुला... घालायला."

एवढंच. मग डोळे मिटून पडून राहिले, ओझं उतरवून ठेवल्यासारखे. तीन महिने ते हे वाक्य जुळवत होते, आणि मी ते मधेच तोडून माझ्याकडे ओढून घेतलं होतं.

ते म्हणतात म्हणून माझं सुटत नाही, हे मला कळतं. त्यांनाही कळत असणार. पण त्यांना त्यांचा वाटा हवा आहे, आणि तो त्यांच्याकडून काढून घ्यायचा मला काय अधिकार?

तू एप्रिलमध्ये येतो म्हणतोस, ये. मागची खोली झाडून ठेवते. आपण दोघांनी काय बोलायचं ते मला माहीत नाही, पण त्याची घाई नाही. आलास की आधी त्यांच्या डाव्या बाजूला बस, तिकडून त्यांना नीट ऐकू येतं. ते बोलायला लागले की शब्द सुचवू नकोस, मान डोलावू नकोस. तुझ्यासाठीही ते काहीतरी जुळवत आहेत, कालपासून "दादा"पर्यंत आलेत. पुढे काय आहे ते मला ठाऊक नाही आणि मी अंदाज बांधणार नाही. तूही बांधू नकोस. वाक्य त्यांना पुरं करू दे.

धाकटी